ऑइल कूलरला पाणी कुठून द्यायचं?

घरी जोडत असलेल्या गाडीत इंजिनाचं तेल पाण्याने थंड करणारा कूलर बसवत होते. पहिल्यांदा मी हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळीलाच दोन टी, म्हणजे तीन तोंडांचे जोड, बसवले, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. एका टीमधून पाणी ऑइल कूलरला जाणार, दुसऱ्यातून परत येणार. कागदावर फार सुंदर दिसत होतं. क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. दहा मिनिटांत हीटरची नळी हात लावू देईना, आणि कूलरच्या दोन्ही नळ्या मात्र थंडगार.

रात्री अण्णांना फोन केला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली. किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, हा प्रकार त्यांनी फक्त माझ्या व्हिडिओ कॉलवर पाहिलाय, पण ऊसाला पाणी लहानपणापासून पाजलंय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, एकाच पाटाला वीतभर अंतरावर दोन दारं मोडलीस. पाणी सरळ पुढं जाईल की. वळून तुझ्या वाफ्यात कशाला येईल?"

या कामातली निम्मी अक्कल त्या वाक्यात आहे. पाणी वाहतं ते दोन टोकांच्या दाबात फरक असला तरच. म्हणून कूलरची एक नळी इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं त्या बाजूला हवी आणि दुसरी पाण्याचा पंप जिथून ओढून घेतो त्या बाजूला. दोन्ही एकाच नळीवर लावल्या तर कूलर म्हणजे नुसता शोभेचा डबा.

आता गाडीबद्दल थोडं. मी कॉव्हेंट्रीत राहते. गॅरेजमध्ये तीन वर्षांपासून लोटस सेव्हनच्या धाटणीची दोन सीटची गाडी जोडतेय. मूळ लोटस सेव्हन १९५७ ची; १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि तेव्हापासून इंग्लंडात त्या आकाराच्या घरगुती गाड्यांचं पीक कधी थांबलं नाही. घराजवळच स्टोनलीला भरलेल्या किट कारच्या जत्रेतूनच हे खूळ डोक्यात शिरलं. माझं इंजिन भंगारातल्या फोर्ड मोंडिओचं, दोन लिटरचं झेटेक. हे इंजिन मुळात पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत आडवं बसायचं. सेव्हनमध्ये ते उभं, लांबीत बसतं. त्यामुळे थर्मोस्टॅटचं (पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, म्हणजे गरम पाणी बाहेर पडण्याची जागा, मागे, ड्रायव्हरच्या पायांपुढच्या भिंतीला जवळजवळ टेकते, आणि रेडिएटर तिकडे पार नाकात. नळ्यांचा गुंता होतो तो इथूनच.

पाण्याचा कूलर कशाला?

वाऱ्यावर चालणारा कूलर मी आधी लावून पाहिला होता. रेडिएटरपुढे छोटी जाळी, तिच्यातून तेल. दिसायला रुबाबदार. फेब्रुवारीत ए४६ महामार्गावर तासभर चालवली तरी तेलाचा काटा ६५ अंशांच्या वर सरकेना. तेल इतकं थंड राहणंही वाईटच. इंजिनात साचणारं दमट पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायचं तर तेल ९० च्या पुढे जायलाच हवं. १०० ते ११० ला ते खुशीत असतं. १३० च्या आसपास काटा रेंगाळू लागला की काळजी करायची.

पाण्याचा कूलर इंजिनाचा ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये चकतीसारखा बसतो. आत पातळ पत्र्यांचे थर असतात, एकाआड एक तेल आणि पाणी. सकाळी पाणी तेलाच्या आधी तापतं, म्हणून ते तेलाला ऊब देतं. पुढे तेल पाण्यापेक्षा गरम झालं की तेच पाणी त्याची उष्णता घेऊन जातं. एकाच डब्यात हीटर आणि कूलर. फक्त एक ध्यानात ठेवा: उष्णता कुठे नाहीशी होत नाही, ती पाण्यात येते आणि शेवटी रेडिएटरलाच ती बाहेर टाकावी लागते. तुमचा रेडिएटर आत्ताच ट्रॅफिकमध्ये धापा टाकत असेल तर आधी त्याचं बघा.

विकत घेण्याआधी फिल्टरच्या नळकांड्याचे आटे मोजा. ३/४ इंच यूएनएफ (इंची) आणि एम२० × १.५ (मेट्रिक) हे दोन आटे डोळ्यांना सारखेच वाटतात. पहिल्याचा व्यास १९.०५ मिमी, दुसऱ्याचा २०. चुकीची जोडी दोन फेरे गोडीत फिरते आणि मग एकतर अडते किंवा ढिली राहून चालू इंजिनात तेल सोडते. व्हर्नियर आणि पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावूनच खात्री करा, "फोर्डचाच आहे ना, बसेल" असं म्हणू नका. शिवाय या चकतीमुळे फिल्टर तीनेक सेंटिमीटर बाहेर येतो. माझा चॅसीच्या नळीपासून बोटभर राहिला. आखूड फिल्टर घेतला तेव्हा तो काढण्यापुरती जागा झाली.

जुन्या बाजारातला कूलर मात्र घेऊ नका. ज्या इंजिनाचं बेअरिंग गेलंय त्याच्या कूलरमध्ये धातूचा कीस अडकून बसतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.

पाणी घ्यायचं कुठून, सोडायचं कुठं

रस्त्यावर चालवायच्या गाडीला सगळ्यात सोयीची वाट हीटरची. थर्मोस्टॅट बंद असतो तेव्हाही हीटरच्या वाटेने पाणी फिरत राहतं, कारण ती थर्मोस्टॅटच्या अलीकडून निघते आणि पंपाच्या तोंडाशी परत येते. (म्हणूनच गाडीत हीटर नको असेल तरी माझ्यासारख्या इंजिनात ती वाट बूच मारून बंद करायची नाही, दोन टोकं एकमेकांना जोडून टाकायची.) कूलर या वाटेवर असला की इंजिन सुरू झाल्यापासूनच त्यात पाणी खेळतं.

पण इथेही एक खड्डा आहे. कूलर हीटरच्या पुढे-मागे एकाच ओळीत जोडला, आणि हीटरला पाणी बंद करायची साधी तोटी असली, तर ती बंद केली की कूलरही उपाशी. आणि हीटर आपण कधी बंद करतो? उन्हाळ्यात. तेल सगळ्यात जास्त कधी तापतं? तेव्हाच. म्हणून एकतर चार तोंडांची तोटी घ्या, जी हीटर बंद केल्यावर पाणी बाहेरच्या बाहेर वळवते. नाहीतर कूलर समांतर जोडा. मी समांतर जोडला. तोटीच्या अलीकडे एक टी, तिथून कूलरला. हीटरमधून पाणी परत येतं त्या नळीवर, पंपाच्या जवळ दुसरा टी, तिथे कूलरचं परतीचं पाणी. दोन टींच्या मधे आता अख्खा हीटर आणि तोटी आहे, म्हणजे दाबात खरा फरक आहे. हीटर थोडा मंद झाला, पण दारं नसलेल्या गाडीत त्याचं दुःख कुणाला!

दुसरी वाट रेडिएटरच्या खालच्या मोठ्या नळीची. तिथे पाणी सर्वांत थंड आणि प्रवाह पूर्ण, म्हणून ट्रॅकवर पळवणारे लोक मोठ्या नळीतच बसणारा लांबट कूलर तिथे घालतात. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत मात्र तिथे पाणी हलत नाही, म्हणजे सकाळी तेल तापवायचा फायदा गेला. मला रोज कामावर जायचंय, रेस जिंकायची नाही. मी हीटरच्या वाटेवर खूश आहे.

नळ्या

माझ्या हीटरच्या नळ्या १६ मिमी आतल्या व्यासाच्या, कूलरची तोंडंही तेवढीच. व्यास वेगळे असतील तर कमी-जास्त करणारा धातूचा जोड घ्या; लहान तोंडावर मोठी नळी चढवून क्लिप पिळत बसू नका. अशी नळी जाताना गळली नाही तरी परत येताना गळते.

साधी धाग्याची ईपीडीएम रबरी नळी या कामाला उत्तम. लोकांना निळी सिलिकॉन नळी आवडते, जत्रेत फोटो छान येतात. घ्यायची तर घ्या, पण सिलिकॉनवर भोकं-भोकं असलेल्या पट्टीची क्लिप लावू नका, पट्टीच्या खाचांतून सिलिकॉन बाहेर दाबलं जातं आणि कापलं जातं. आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते. आणि हे दोन्ही रबर, ईपीडीएम आणि सिलिकॉन, तेलाला भितात. फुगतात, मऊ पडतात. आपला कूलर तर फिल्टरच्या बुडाशी. दर वेळी फिल्टर बदलताना तेल सांडणार ते थेट या नळ्यांवर. मी फिल्टरखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा छोटा पन्हाळा केलाय, तेल बाजूला सांडतो. तो करायचा कंटाळा असेल तर निदान फिल्टर बदलताना नळ्यांवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि नंतर पुसा.

मापं घ्यायला फूटपट्टी नको. जाडसर जीआय तार घ्या आणि जशी नळी जायला हवी तशी वाकवत, तोंडापासून तोंडापर्यंत न्या. मग ती तार जमिनीवर ठेवा आणि नळी तिच्याशेजारी धरून कापा, वर चार-पाच सेंटिमीटर जास्त. ही युक्ती अण्णांची. नळी हाताने वाकवून बघा: वळणावर ती गोल राहिली तर ठीक, चपटी व्हायला लागली तर तिथे साचात घडवलेला ९० अंशांचा तुकडा लावा. पहिल्या दिवशी चपटी झालेली नळी गरम पाण्याने मऊ पडली की पूर्ण दबून बंद होते.

माझ्या गाडीत मागच्या भिंतीपासून पंपापर्यंत लांब सरळ पल्ला आहे. तिथे अख्खी रबरी नळी लोंबत ठेवण्यापेक्षा १६ मिमीची ॲल्युमिनियमची नळी टाकली आणि दोन्ही टोकांना रबराचे तुकडे. काही जण घरातल्या नळाची १५ मिमीची तांब्याची नळी वापरतात. स्वस्त पडते, पण तांबं कंपनाने ताठ होत जातं आणि मग वाकणाजवळ तडकतं. धातूच्या नळीच्या टोकाला गोल उठाव काढलेला असावा, नाहीतर दाब आल्यावर रबर क्लिपसकट घसरतं. उठाव काढायचं हत्यार नसेल तर कडेपासून थोड्या आत वेल्डिंगचा बारीक मणी फिरवून कानशीने गुळगुळीत करा. रबर आत सरकवताना ग्रीस नाही, तेल नाही, साबणाचं पाणी.

धातूची नळी दर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर रबर लावलेल्या पी-क्लिपने (इंग्रजी P च्या आकाराच्या पट्टीने) चॅसीला बांधा. नायलॉनच्या पट्ट्यांवर सगळा भार टाकू नका, त्या नळीवर घट्ट बसतात आणि रबरात रुततात.

इंजिन हलतं, नळीला हलू द्या

रबरी माउंटवर बसलेलं इंजिन गॅस दिल्यावर एका अंगाला कलतं. दोन नळ्या इंजिनाकडून चॅसीकडे जातात, त्यांना तेवढा सैलपणा हवा. मी पहिल्यांदा फार नीटनेटकी, ताणलेली नळी टाकली होती. मग पहार घालून इंजिन हलवून बघितलं आणि नळी तोंडाशी खेचली जाताना डोळ्यांनी दिसली. आता तिथे सरळ नळीऐवजी सावकाश फिरणारं वळण आहे. पहार घालून हलवण्याची ही तपासणी पाणी भरायच्या आधी करा.

स्टिअरिंगच्या दांड्याजवळून नळी जात असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण चाक फिरवत बघा. दांड्याचा जोड, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, फिरताना त्याचा कोपरा एका ठिकाणी बाहेर येतो. मधल्या स्थितीत बोटभर जागा वाटते, वळवल्यावर तोच जोड नळीला घासतो. हे रस्त्यावर कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं.

एक्झॉस्टपासून चार-पाच बोटं दूर, आणि जमत नसेल तर मधे पत्रा, पण पत्रा नळीला टेकू द्यायचा नाही. पत्रा आणि नळी यांच्यात हवा हवी. पट्ट्याच्या पुलीपासून दूर. आणि सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या कुंडीच्या, बुडापेक्षा खाली एकही नळी नको. सेव्हन जमिनीला इतकी चिकटून चालते की गतिरोधकावर पहिला मान त्या नळीचा.

हवेला वाट

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की पाणी येत नाही, नुसता पंप घरघरतो. इथेही तेच. सेव्हनचं नाक उतरतं आणि रेडिएटर इंजिनापेक्षा खाली, म्हणजे हवा मागे, वर, हीटरमध्ये आणि थर्मोस्टॅटच्या घरात जमते. विस्ताराची टाकी, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी टाकी, सगळ्यांच्या वर असली पाहिजे आणि नळ्यांनी तिच्याकडे चढत जायला हवं. कुठल्याही नळीने मधेच उंट होऊन खाली उतरायचं नाही. मला एका ठिकाणी तो उंचवटा टाळताच आला नाही, चॅसीचा आडवा पाइप मधे आला. तिथे हवा सोडायचा स्क्रू असलेला जोड लावला.

कूलरची तोंडं वर किंवा आडवी ठेवा. ही चकती मधला बोल्ट आवळायच्या आधी गोल फिरवता येते, तेव्हाच ठरवा. तोंडं खाली राहिली तर पत्र्यांच्या वरच्या थरांत हवा अडकते आणि कूलरचा अर्धाच भाग काम करतो. ओ-रिंगला, म्हणजे जोडातल्या रबरी कड्याला, आवळण्याआधी स्वच्छ तेलाचं बोट फिरवा. मधला बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा.

भरताना गाडीचं पुढचं नाक जॅकवर उचला, म्हणजे रेडिएटरचं वरचं तोंड आणि विस्ताराची टाकी उंच होते आणि हवा तिकडे चढते. हीटरची तोटी पूर्ण उघडी. अर्धं पाणी, अर्धं इथिलीन ग्लायकोल. या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास. सावकाश ओता, मधेमधे मोठ्या नळ्या हाताने दाबा, बुडबुडे संपेपर्यंत. मी घाईत भरलं त्या दिवशी दोन लिटर पाणी "कमी लागलं" आणि मला आनंद झाला होता. ते दोन लिटर हवा होती.

तपासणी

टाकीवर हातपंपाने एक बार दाब द्या आणि वीस मिनिटं सोडा. काटा पडला नाही तर चहा प्या. पडला तर प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवा, ओला कुठे होतो बघा. एक बार जादा दाबाखाली साधं पाणी शंभरला नाही, १२० अंशांना उकळतं. म्हणूनच टाकीचं झाकण चांगलं हवं आणि म्हणूनच गरम असताना ते उघडायचं नाही. हा नियम मी गॅरेजच्या भिंतीवर मराठीत लिहून ठेवलाय, म्हणजे शेजारी विचारतात आणि मलाही रोज आठवण राहते.

मग इंजिन चालू. कूलरच्या दोन्ही नळ्यांवर हात ठेवा. येणारी आधी कोमट होईल, मिनिटभरात जाणारीही. एक गरम, दुसरी गार राहिली तर एकतर हवा अडकलीय किंवा माझ्यासारखे दोन टी एकाच नळीवर पडलेत. माझा थर्मोस्टॅट ८८ चा. तो उघडेपर्यंत थांबा, रेडिएटरची नळी तापली आणि पंखा सुरू झाला की बंद करा. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

तेलाची पातळी बघायच्या काठीवर आणि पाण्याच्या टाकीत पुढचे काही आठवडे नजर ठेवा. कूलर आतून फुटला तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तेल पाण्यात जातं, टाकीत तपकिरी साय दिसते. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्य, पण गरम पाणी अजून दाबाखाली. मग उलट पाणी तेलात उतरतं. काठीवर पांढरट मलई दिसली तर गाडी पुन्हा सुरू करू नका. (थंडीत दोन-दोन मैल चालवणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली थोडी मलई अशीच जमते. ती वेगळी. काठी बघा.)

आयव्हीए तपासणी, म्हणजे २००९ पासून घरगुती गाड्यांना द्यावी लागणारी परीक्षा, तिथे तपासनीस नळ्यांच्या बाबतीत साधंच बघतो: गळतेय का, घासतेय का, सैल आहे का. केबिनमधून हीटरच्या नळ्या जात असतील तर हात लागेल अशा ठिकाणी क्लिपेची धारदार शेपटी ठेवू नका.

शंभर मैलांनी, इंजिन गार असताना, सगळ्या क्लिपा अर्धा फेरा आवळून बघा. नवं रबर बसतं आणि क्लिप सैल होते. आता तेलाचा काटा निघाल्यापासून पंधरा मिनिटांत ९५ ला पोचतो आणि एम४० महामार्गावर १०५ ला थांबतो. अण्णांना काट्याचा फोटो पाठवला. त्यांनी उलट विचारलं, "आणि त्या पहिल्या दोन टींचं काय केलंस?" एक हीटरच्या परतीवर आहे. दुसरा डिकीत आहे, दोन क्लिपा आणि फूटभर नळीबरोबर.